नवा अल्बम की जुना? आधी वाजवणाऱ्याचे नाव सांगा

डाफ्ट पंक हे नाव आमच्या साऱ्याच वाचकांना ठाऊक असेल असे नाही. पण ज्यांच्या घरात पंचविशी-तिशीची मुले आहेत त्यांनी त्यांना विचारून पाहावे. डोक्यावर यंत्रमानवाचे चकचकीत शिरस्त्राण घालून वाजवणारे पॅरिसचे हे दोघे, तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमें-क्रिस्तो. १९९३ साली त्यांनी हा गट काढला आणि २२ फेब्रुवारी २०२१ रोजी तो मोडल्याचे जाहीर केले. अठ्ठावीस वर्षांत त्यांचे स्टुडिओ अल्बम अवघे चार. गट मोडला, पण त्याच्या श्रोत्यांचे भांडण काही मोडले नाही. पहिला अल्बम श्रेष्ठ की शेवटचा? १९९७ चा 'होमवर्क' की २०१३ चा 'रँडम अॅक्सेस मेमरीज'? जगभरचे श्रोते यावर अजूनही हमरीतुमरीवर येतात आणि आपल्याकडची शिकलेली पोरेही त्यात मागे नाहीत.

आता कुणी विचारील की, चळवळीच्या दैनिकात फ्रान्सच्या दोन मुखवटेधारी वादकांचे काय काम? आपल्यापुढे प्रश्न काय कमी आहेत? रास्त आहे. पण या भांडणात दोन्ही बाजू जी गोष्ट बोलायची टाळतात ती आमच्या चांगल्या ओळखीची आहे. म्हणून हा लेख.

आधी भांडण समजून घेऊ. 'होमवर्क' हा बांगाल्तेरच्या घरी, झोपायच्या खोलीत तयार झाला. ठेका सणसणीत, सूर मोजके, एकच तुकडा पाच-सात मिनिटे फिरत राहतो. नाचणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. २००१ मध्ये 'डिस्कव्हरी' आला. त्यात सरळ गाणी होती, यंत्रातून पिळून काढलेला माणसाचा आवाज होता, जुन्या डिस्कोची साखर होती. 'होमवर्क'वाल्यांनी नाके मुरडली. अमेरिकेतल्या पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या नियतकालिकाने त्याला दहापैकी ६.४ गुण दिले. २००५ मध्ये 'ह्यूमन आफ्टर ऑल' आला, सुमारे सहा आठवड्यांत उरकलेला. त्याच नियतकालिकाने त्याला ४.९ वर बसवले आणि श्रोते म्हणू लागले, कुठे 'डिस्कव्हरी' आणि कुठे हे! म्हणजे काल ज्याला नावे ठेवली तेच आज मापदंड झाले. पुढे २०२१ मध्ये पिचफोर्कने आपले जुने गुण पुन्हा तपासले आणि 'डिस्कव्हरी'ला दहापैकी दहा देऊन टाकले.

गंमत पुढेच आहे. एप्रिल २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात या दोघांनी दिव्यांच्या एका पिरॅमिडात बसून आपली जुनी-नवी गाणी एकमेकांत मिसळून वाजवली. 'ह्यूमन आफ्टर ऑल'मधले जे तुकडे घरी बसून कंटाळवाणे वाटत होते त्यांवरच हजारो लोक बेभान झाले. तुकडे बदलले नव्हते. ऐकण्याची जागा आणि ऐकणाऱ्यांची संगत बदलली होती.

'आधीचे चांगले होते' या तक्रारीतला बराचसा भाग ऐकणाऱ्याच्या वयाचा असतो, असे आमचे मत आहे. वयाच्या विसाव्या वर्षी जे कानात बसते ते माणूस जन्मभर खरे मानतो. दर चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत हाच वाद झडतो. वामनदादा कर्डकांची गाणी ऐकत वाढलेली पिढी डीजेच्या भिंतीपुढे कानावर हात ठेवून उभी असते आणि पोरे नाचत असतात. आम्हीही कानावर हात ठेवणाऱ्यांतलेच, हे कबूल करून टाकतो. असो.

पण २०१३ च्या वादाला वयाचे कारण पुरत नाही. 'रँडम अॅक्सेस मेमरीज'मध्ये या दोघांनी आपली यंत्रे बरीचशी बाजूला सारली, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या नामांकित स्टुडिओंत नाणावलेले वादक बोलावले आणि सत्तरीच्या दशकातल्या डिस्कोसारखा ऐसपैस अल्बम केला. ड्रमवर ओमार हकीम आणि जॉन रॉबिन्सन, बेसवर नेथन ईस्ट, गिटारवर नाइल रॉजर्स. श्रोत्यांची उभी फाळणी झाली. एक बाजू म्हणते, यांनी यंत्राशी बेइमानी केली. ज्या रांगड्या आवाजामुळे यांना लोकांनी उचलले तो विकून गुळगुळीत, महागडा, दिवाणखान्यातला माल आणला. दुसरी बाजू म्हणते, उलट आता कुठे यांनी खऱ्या वादकांकडून खरे संगीत वाजवून घेतले; आधीचे सारे बटण दाबणे होते.

या 'खऱ्या संगीता'पाशी आम्ही थांबतो. कोणते संगीत खरे आणि कोणते हिणकस हे ठरवण्याचा मक्ता कुणाकडे होता, हे अमेरिकेच्या इतिहासात नोंदलेले आहे. तारीख १२ जुलै १९७९, स्थळ शिकागोचे कोमिस्की पार्क हे बेसबॉलचे मैदान. स्टीव्ह डाल नावाच्या गोऱ्या रेडिओ निवेदकाने डिस्कोविरुद्ध मोहीम उघडली होती. त्या दिवशी डिस्कोची एक तबकडी आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या, असे आवाहन झाले. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत तबकड्यांनी भरलेली पेटी मैदानाच्या मधोमध ठेवून स्फोटाने उडवून देण्यात आली. जमाव मैदानात घुसला, जाळपोळ झाली, दंगलविरोधी पोलीस बोलवावे लागले आणि यजमान संघाला दुसरा सामना सोडून द्यावा लागला. त्या मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करणारा एक कृष्णवर्णीय मुलगा होता, व्हिन्स लॉरेन्स. त्याने पुढे अनेकदा सांगितले आहे की, लोक आणून टाकत होते त्या तबकड्यांत कितीतरी तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच. त्या केवळ काळ्या कलावंतांच्या होत्या.

वाचकहो, हे वाक्य पुन्हा वाचा. चिडलेल्या माणसाला डिस्को आणि काळा माणूस यांत फरक करण्याची गरज वाटली नाही. डिस्को हे संगीत काळ्यांच्या, लॅटिन लोकांच्या आणि समलिंगी माणसांच्या क्लबांतून वर आलेले. ते जाळणारे तोंडाने संगीताच्या दर्जाबद्दल बोलत होते. तोंडाने दर्जाबद्दल बोलायचे आणि हाताने माणूस बाहेर ठेवायचा, ही पद्धत आपल्याला कुणी शिकवायला नको. गावात हलगीवाल्याला मिरवणुकीच्या पुढे चालवत आणि पंगतीच्या वेळी बाहेर बसवत. हलगीला वाद्य म्हणायलाही शास्त्रवाले तयार नसत.

जे मैदानात जळले ते त्याच शहरात पुन्हा उगवले. शिकागोत 'वेअरहाऊस' नावाचा एक क्लब होता. तिथे येणारे बहुतांशी काळे आणि समलिंगी. १९७७ पासून तिथे न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवी. मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली तेव्हा त्याने जुन्या तबकड्यांचे तुकडे जोडून, ठेका लांबवून, खाली यंत्राचा ताल घालून रात्री जागवल्या. 'हाऊस' हे त्या संगीताचे नाव या वेअरहाऊसवरूनच पडले असे मानले जाते. आणि त्या मैदानावरचा तो मुलगा, व्हिन्स लॉरेन्स, १९८४ मध्ये जेसी साँडर्सच्या 'ऑन अँड ऑन' या हाऊसच्या अगदी सुरुवातीच्या तबकडीत साथीदार होता.

या पोरांकडे स्टुडिओचे भाडे भरायला पैसे नव्हते. रोलंड या जपानी कंपनीने १९८१ च्या सुमारास टीबी-३०३ हे बेसचे आणि १९८३ मध्ये टीआर-९०९ हे तालाचे यंत्र काढले होते. दोन्ही बाजारात फसली, कारण त्यांचा आवाज खऱ्या बेससारखा आणि खऱ्या ड्रमसारखा येत नव्हता! (पुन्हा ते 'खरे' आलेच.) खपली नाहीत म्हणून ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि शिकागो-डेट्रॉइटच्या मुलांच्या हाती पडली. १९८७ मध्ये फ्यूचर नावाच्या तिघांच्या गटाने ३०३ ची बटणे कंपनीच्या पुस्तिकेत नसलेल्या रीतीने पिळली आणि 'अॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी निघाली. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या वस्तूतून या मुलांनी एक संगीत उभे केले. युरोपने ते उचलले, त्यावर मोठमोठे महोत्सव उभे राहिले आणि पैसाही झाला. मूळच्या मुलांपैकी थोड्यांच्याच हाती त्यातले काही लागले.

'होमवर्क' हा याच संगीताचा पॅरिसमध्ये वाढलेला वंशज आहे. ९०९ चा तोच ठेका, ३०३ ची तीच किरकिर. म्हणून जे श्रोते म्हणतात की आमचा जीव त्या पहिल्या अल्बममध्ये आहे, त्यांच्याशी आम्ही सहमत आहोत. आमचाही आहे. ते गरिबांच्या हातात बसणाऱ्या यंत्राचे संगीत आहे. त्याला कुणाच्या दिवाणखान्याची परवानगी लागत नाही. एवढे मात्र लक्षात ठेवावे की, पॅरिसची ती झोपायची खोली गरिबाची नव्हती. बांगाल्तेरचे वडील दानिएल वांगार्द हे स्वतः डिस्कोचे यशस्वी गीतकार-निर्माते. शिकागोचे पोर आणि हा मुलगा, दोघांच्या खोलीत यंत्र तेच असेल. खोली तीच नव्हती.

तरी त्या अल्बममध्ये एक सरळ काम या दोघांनी केले. 'टीचर्स' नावाच्या तुकड्यात त्यांनी आपल्या गुरूंची नावे एकामागून एक उच्चारली आहेत. पॉल जॉन्सन, डीजे फंक, जेफ मिल्स, रॉबर्ट हूड अशी शिकागो आणि डेट्रॉइटची नावे त्यात आहेत. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांनी पहिल्याच अल्बममध्ये आपण कुणाकडून शिकलो हे सांगावे, याचे आम्हाला कौतुक आहे. आपल्याकडे लोकसंगीताच्या चाली उचलून चित्रपटांत नाव कमावलेल्या किती संगीतकारांनी असा तुकडा केला? शाहिराचे नाव विचारले तर 'पारंपरिक' असे छापून मोकळे होतात.

पण पुढच्याच अल्बममध्ये हा सरळपणा टिकला नाही. ज्या 'डिस्कव्हरी'ला आता दहापैकी दहा मिळाले त्याच्याबद्दल आम्हाला जरा सविस्तर बोलायचे आहे. या अल्बमचा पाया 'सॅम्पल' हा आहे. म्हणजे जुन्या तबकडीतला दोन-चार सेकंदांचा तुकडा कापायचा, त्याची गती-पट्टी बदलायची, तो फिरवत ठेवायचा आणि त्यावर नवे गाणे उभारायचे. ही कलाच आहे, चोरी म्हणून तिला उडवून लावणाऱ्यांतले आम्ही नाही. शिकागोच्या मुलांनीही हेच केले. प्रश्न एवढाच की, ज्याचा तुकडा त्याचे नाव आणि दाम त्याला पोचले का? एडविन बर्डसाँगचे १९७९ चे एक गाणे आणि जॉर्ज ड्यूकचे त्याच वर्षाचे दुसरे, यांचे तुकडे या अल्बममध्ये आहेत आणि त्यांची नावे वेष्टनावर दिलेली आहेत. पण अल्बममधले सगळ्यांत गाजलेले गाणे 'वन मोअर टाइम'. त्याचा जो पितळी वाद्यांचा गजर लग्नाच्या हॉलपासून फुटबॉलच्या मैदानापर्यंत वाजला, तो एडी जॉन्स या गायकाच्या १९७९ च्या 'मोअर स्पेल ऑन यू' या डिस्को गाण्यातून कापलेला आहे. एडी जॉन्सचे नाव वेष्टनावर नव्हते.

एडी जॉन्स मूळचा लायबेरियाचा. सत्तरीच्या दशकात फ्रान्समध्ये गाऊ लागला. २०२१ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्स या वृत्तपत्राने त्याला शोधून काढले तेव्हा तो त्याच शहरात राहत होता. मधल्या काळात त्याला पक्षाघात झाला होता आणि अनेक वर्षे त्याने बेघर अवस्थेत काढली होती. जगभर वाजलेल्या त्या गाण्यापोटी त्याच्या हाती पैसा आला नव्हता. गाण्याचे हक्क एका फ्रेंच कंपनीकडे होते. तुकड्याचे पैसे त्या कंपनीकडे जात होते, गायकापर्यंत पोचत नव्हते. कायद्याने सगळे ठीक होते म्हणा! जमीन कसणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावाने, असला ठीकपणा आपल्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. त्याचा असा शोध लागल्यावर त्याचे देणे चुकते करण्याची बोलणी कंपनीने सुरू केली. तोवर गाणे येऊन वीस वर्षे झाली होती.

आता २०१३ च्या अल्बमकडे या. गुळगुळीत आहे, मान्य. महाग आहे, मान्य. काही गाणी तर आम्हाला कंटाळवाणी वाटतात, तेही सांगून टाकतो. पण एका गोष्टीकडे भांडणाऱ्या श्रोत्यांनी पाहावे. या अल्बममध्ये दुसऱ्याच्या तबकडीचा तुकडा जवळजवळ नाहीच. जो आवाज आधी जुन्या तबकडीतून कापून घेतला जाई, तो आवाज काढणारा माणूसच या वेळी खोलीत बोलावला. त्याला खुर्ची दिली, त्याचे नाव वेष्टनावर छापले. 'गेट लकी' या गाजलेल्या गाण्यावर डाफ्ट पंकच्या जोडीने गायक फॅरेल विल्यम्स आणि गिटारवादक नाइल रॉजर्स यांची नावे आहेत, आणि रॉजर्स त्याचा सहलेखकही आहे.

हा नाइल रॉजर्स कोण, हे चळवळीच्या वाचकांना मुद्दाम सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कचा हा काळा मुलगा तरुणपणी ब्लॅक पँथरमध्ये होता. साधा सभासदही नव्हे, तिथल्या एका शाखेतला पदाधिकारी. ज्या पँथरचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत आपली पोरे रस्त्यावर उतरली, तीच ही संघटना. पुढे त्याने बर्नार्ड एडवर्ड्सबरोबर शीक हा डिस्को गट काढला. १९७७ च्या वर्षअखेरीच्या रात्री गायिका ग्रेस जोन्सच्या निमंत्रणावरून हे दोघे न्यूयॉर्कच्या स्टुडिओ ५४ या क्लबात गेले. आत शीकचीच गाणी वाजत असत, पण दारवानाने गाणी करणाऱ्यांना दारातून हाकलले. घरी जाऊन रागाच्या भरात त्यांनी त्या क्लबाला शिवी घालणारे एक गाणे रचले, मग शिवी काढून तेच 'ल फ्रीक' म्हणून १९७८ मध्ये बाजारात आणले. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. १९७९ मध्ये शुगरहिल गँगने शीकच्या 'गुड टाइम्स'चा बेस उचलून 'रॅपर्स डिलाइट' काढले, तेव्हा रॉजर्स आणि एडवर्ड्स यांनी कोर्टाची भाषा बोलून त्यावर आपली नावे लावून घेतली. एडी जॉन्सला ते जमले नाही, यांना जमले. हा फरक दोघांच्या प्रतिभेतला नव्हता. आपल्या नावासाठी भांडण्याचे साधन एकाकडे होते, दुसऱ्याकडे नव्हते. मात्र १९७९ च्या त्या जाळपोळीनंतर शीकला पूर्वीचे यश पुन्हा मिळाले नाही. रॉजर्स दुसऱ्यांचे अल्बम घडवू लागला. डेव्हिड बोवीचा 'लेट्स डान्स' आणि मॅडोनाचा 'लाइक अ व्हर्जिन' हे त्याच्याच हातचे.

म्हणजे मैदानात ज्याचे संगीत जळले तो माणूस चौतीस वर्षांनी त्याच संगीताच्या जोरावर पुन्हा जगभर वाजला. जानेवारी २०१४ मध्ये 'रँडम अॅक्सेस मेमरीज'ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. यंत्रमानव व्यासपीठावर आले, पण एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हा हा अल्बम म्हणजे यंत्राशी बेइमानी, असे म्हणणाऱ्या मित्रांना आमचे सांगणे आहे की, ज्या आवाजाशी इमान राखायचे म्हणता तो यंत्राच्या पोटातून आपोआप निघालेला नव्हता. तो कुणाच्या तरी बोटांचा आणि गळ्याचा होता. आणि 'आता कुठे खरे संगीत आले' म्हणून हरखणाऱ्यांना विचारतो, ओमार हकीमचा हात खरा आणि शिकागोच्या पोराने जुन्या बाजारातल्या यंत्रावर फिरवलेला हात खोटा, हे कुणी ठरवले? आम्हाला जुन्या अल्बमचा आवाज जवळचा आणि नव्या अल्बमचा व्यवहार पटणारा वाटतो. दोन्ही एकाच अल्बममध्ये मिळाले असते तर बरे झाले असते, पण मिळाले नाहीत.

नव्या अल्बमच्या व्यवहारातही एक उणीव राहिलीच. वेष्टनावर झळकणाऱ्या पाहुण्यांच्या यादीत इटलीत जन्मलेला जॉर्जिओ मोरोडर आहे, पॉल विल्यम्स आहे, न्यू जर्सीचा टॉड एडवर्ड्स आहे. 'टीचर्स'मध्ये ज्यांची नावे घेतली त्या शिकागोच्या गुरूंपैकी एकही नाही. डिस्कोला सन्मानाने घरात घेतले. डिस्को जळाल्यावर ज्यांनी तिची धग राखली ते दाराबाहेर राहिले. फ्रँकी नकल्स त्या ग्रॅमीनंतर दोनच महिन्यांनी, ३१ मार्च २०१४ रोजी वारला. शिकागो शहराने २००४ मध्येच, तो हयात असताना, जुन्या वेअरहाऊसजवळच्या रस्त्याला त्याचे नाव दिले होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

२०२३ मध्ये कंपनीने या अल्बमची एक नवी आवृत्ती बाजारात आणली, ड्रम काढून टाकलेली. गाणी तीच, फक्त हकीम आणि रॉबिन्सन यांचे हात पुसलेले. यावरही श्रोत्यांचे दोन तट पडले आहेत. काहींना आता बाकीची वाद्ये जास्त स्पष्ट ऐकू येतात म्हणे. आमच्याकडे ती एका मित्राच्या मुलाने आणली होती. दोन गाणी ऐकली आणि त्याला म्हटले, बाळा, ते आधीचेच लाव.